सर्वपित्रीचं आवतण

लोणीच्या मारुतीच्या देवळामागं पत्र्याची एक खोली होती. दोन हजार दोन सालापासून तिथं रोज दुपारी सात डबे भरले जायचे. गावात म्हातारी माणसं काही सातच नव्हती. पण ज्यांच्या चुली थंड पडल्या आणि ज्यांची पोरं पिंपरी-भोसरीला जाऊन तिकडचीच होऊन बसली, अशी सात प्रयागबाईंनी बोटांवर मोजून काढली होती. प्रयागबाई म्हणजे महिला मंडळाच्या अध्यक्ष. बायकांनी पाळीपाळीनं स्वयंपाक करायचा आणि डबे एका माणसानं पोचवायचे, असं त्यांनी ठरवलं, आणि त्यांनी ठरवलेलं मोडायची गावात कुणाची छाती नव्हती.

डबे पोचवणारा धर्माजी चौसष्ट वर्षांचा. तीस वर्षं त्यानं डेअरीवर दुधाचं माप घेतलेलं, त्यामुळं कुणाच्या घरात किती माणसं आणि कुणाच्या दुधात किती पाणी हे त्याला तोंडपाठ होतं. बायको गोजरबाई जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा पिंपरीत, कंपनीत. दिवाळीला यायचा आणि भाऊबीजेला जायचा. धर्माजीनं डब्यांचं काम का धरलं, तर पुण्य लागावं म्हणून, असं लोक म्हणत. पुण्याबिण्याचं त्याला काही पडलेलं नव्हतं. अकरा ते एक या दोन तासांत आपल्याला कुठंतरी जायचं आहे, एवढंच त्याला हवं होतं. बाकीच्या बावीस तासांचं काय करायचं, ते त्याला अजून उमगलं नव्हतं.

डबे वाटून तो घरी यायचा, सकाळची गार खिचडी पातेल्यातच कालवायचा आणि ओट्याशी उभ्यानं खायचा. एकट्यासाठी ताट कशाला घासायचं? सात जणांच्या यादीत त्याचं नाव बसलं असतं, पण हातपाय धड असलेल्या, मळा वाट्यानं दिलेल्या माणसानं मंडळाचा डबा घ्यायचा म्हणजे लाज. आणि खरं सांगायचं तर त्याला डबा नकोच होता. "ये रे धर्मा, बस, दोन घास खा," असं कुणीतरी म्हणावं, एवढीच त्याची भूक होती. वाटेत भेटणारी माणसं "जेवलास का?" म्हणून विचारायची, पण ते विचारणं चालता चालता, तो "जेवलो" म्हणेपर्यंत पुढं गेलेलीसुद्धा असायची.

त्यात प्रयागबाईंचा नियम आडवा येत होता. धर्माजीच्या आधी पहिले दोन महिने डबे पोचवणारा गडी म्हाताऱ्यांबरोबर बसून गप्पा मारता मारता अर्धा डबा फस्त करायचा. ते उघडकीस आल्यावर बाईंनी फर्मान काढलं, की डबा द्यायचा, रिकामा घ्यायचा आणि निघायचं. बसायचं नाही, खायचं नाही, चहाचं नावसुद्धा काढायचं नाही. धर्माजी नियमाला पक्का. दुधाच्या मापात त्यानं कधी सख्ख्या भावाची गय केली नव्हती, तो इथं काय करणार!

तरी त्या दारांतून त्याला काय काय दिसायचं. झुंबरबाई रोज दारात वाट बघत उभी असायची, डबा हातात आला की तोंडभर हसायची, पण जेवायची मात्र सांजच्याला. भूक लागत नाही का, म्हणून त्यानं एकदा विचारलं. "लागती की," ती म्हणाली, "पर दुपारीच खाल्लं तर मग दिसभर वाट कशाची बघू?" महंमद हनीफ पूर्वी गावोगाव कल्हई करत फिरायचे. आता डोळ्यांना कमी दिसायचं, पण हाताची सवय सुटली नव्हती. एकदा त्यांनी डबा परत दिला तेव्हा त्याची महिनाभर लोंबकळणारी कडी नवा रिव्हेट मारून घट्ट बसवलेली होती. धर्माजीनं काही म्हणायच्या आत त्यांनी हातानंच त्याला वाटेला लावलं.

सातवं दार रखमाजीबाबाचं, आणि त्या दारात पाऊल टाकायचं धर्माजीच्या जिवावर यायचं. रखमाजी अठ्ठ्याहत्तरचा. मूळचा तळेघरच्या बाजूचा, डोंगरातला. तरणा असताना मजुरीला खाली आला, चाळीस वर्षं लोकांच्या बागायतीत राबला आणि इथंच म्हातारा झाला. बायको कधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. धर्माजी डबा ठेवायचा, रखमाजी झाकण उघडून बघायचा, पुन्हा लावायचा आणि म्हणायचा, "ठिव तितं." बस्स! दीड वर्षांत एकदाही "बस" नाही की "पानी घे" नाही. बाकीचे निदान तोंडदेखलं तरी म्हणत, मग धर्माजीला "नको, नियम हाय" असं म्हणण्याचं सुख मिळायचं. हा म्हातारा तेवढंही सुख देत नव्हता. माणूस आहे की धोंडा, असं मनात म्हणत धर्माजी घरी यायचा.

भादव्याचा वद्य पक्ष लागला की मात्र धर्माजीचा भाव एकदम वधारायचा. घरोघरी पित्तरं असत. घरातल्या मेलेल्या माणसाच्या तिथीला त्याच्या आवडीचा स्वयंपाक करायचा आणि त्याच्या जागी एक जितं माणूस पाटावर बसवून जेवू घालायचं, ही रीत. मेलेल्याच्या जागी बसायला बरेच जण कां कूं करतात. धर्माजी करत नसे. वेळेवर यायचा, स्वच्छ असायचा, वाढलं ते खायचा, आणि त्याला घरी वाट बघणारं कुणी नव्हतं. दोन हजार तीनच्या त्या पंधरवड्यात तो सहा मेलेल्या माणसांच्या जागी बसला. लोकांनी त्याचे पाय धुतले, कपाळाला गंध लावलं, सुना डोक्यावर पदर घेऊन पाया पडल्या. "घ्या अजून, तुमाला खीर लई आवडायची," असं म्हणून कुणाच्या तरी लेकानं त्याच्या वाटीत पळी ओतली आणि डोळे पुसले. त्या घटकेला धर्माजीनं पोट भरलं असूनही वाटी रिकामी केली, कारण इतक्या मायेनं त्याच्याशी दुसरं कुणी बोलत नव्हतं. पण हात धुतले की संपलं. पोरं टीव्हीपुढं जाऊन बसायची आणि धर्माजी टॉवेल-टोपी काखेत मारून घरचा रस्ता धरायचा. वर्षातून सहा वेळा सुग्रास जेवायचं आणि सहाही वेळा दुसऱ्याच्या नावानं, हे त्याला आत कुठंतरी फार लागायचं.

अमावास्येला चार-पाच दिवस राहिले असताना रखमाजीच्या दाराला कुलूप दिसलं. दुसऱ्या दिवशीही कुलूपच. धर्माजीनं फटीतून हाका मारल्या, शेजारी विचारलं, विहिरीतसुद्धा डोकावून आला. तिसऱ्या दिवशी बघतो तर म्हातारा ओट्यावर बसलेला, पाय सुजलेले, धोतराला चिखल, शेजारी एक गाठोडं.

"कुटं गेल्ता, बाबा? जीव टांगणीला लावला की!"

"तळेघरला," रखमाजी म्हणाला. "मंचरपत्तूर एक यष्टी, घोडेगावापत्तूर दुसरी. फुडं गाडी मिळंना, मंग थोडा चाललो, थोडा जीपात बसलो."

"ह्या वयात? कशापायी?"

रखमाजीनं गाठोडं जवळ ओढलं. डब्याकडं बघितलंही नाही. मग एकदम म्हणाला, "धर्मा, अमावास्येला माज्याकडं जेवायला ये. डबा आनू नगं."

धर्माजीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "मी?"

"मंग हितं आनिक कोन हाय?"

आता सर्वपित्री अमावास्येला जेवायला बोलावणं म्हणजे काय, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. ज्यांची तिथी ठाऊक नाही, ज्यांचं राहून गेलं, त्या सगळ्यांचं पित्तर त्या दिवशी. पण ऐकायचंच नसलं की माणूस बरोबर ऐकत नाही. धर्माजीनं मनाशी हिशेब मांडला, की रखमाजीनं इतक्या वर्षांत ना बायकोचं पित्तर घातलं ना आईबापाचं. त्याच्याकडं पित्तर असेल कसं? शिवाय तो "पित्तराला ये" म्हणाला नव्हता. "जेवायला ये" म्हणाला होता. चांगलं नाव घेऊन म्हणाला होता.

राहता राहिला नियम. पण डबाच न्यायचा नव्हता, मग नियम तरी कुठं मोडत होता? धर्माजी त्या रात्री कधी नव्हे ते हसत झोपला.

दुसऱ्या दिवशी देवळामागं डबे भरता भरता प्रयागबाई म्हणाल्या, "भाऊ, आमावाशेला आमच्याकडं बसायचं हाय. मामंजींचं पित्तर. वडे सांगितल्यात, अळू सांगितलंय."

"न्हाई जमायचं, वैनी."

बाईंच्या हातातला आमटीचा डाव हवेतच राहिला. "का वो?"

"मला जेवायचं आवतण हाय," धर्माजी म्हणाला, आणि ते म्हणताना त्याची मान नको तेवढी ताठ झाली. "रखमाजीबाबाकडं."

"त्या म्हाताऱ्याकडं? त्योच आपल्या डब्यावर जगतोय, त्यो तुमाला काय घालनार?" बाईंचा राग नाकावर आला. सासऱ्याच्या पित्तराला ऐन वेळी दुसरा माणूस शोधायचा म्हणजे पंचाईतच. "जावा, जावा. म्होरं आमच्या दारात आवतणाची वाट बघू नका म्हंजे झालं."

धर्माजी गेला. अमावास्येला सहा डबे घाईघाईनं पोचते केले, घरी येऊन पुन्हा आंघोळ केली, धुवट धोतर नेसला, लग्नाकार्याची टोपी घातली. रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून पेढ्यांचा पुडा घेतला. आरशात बघून मिशीवरून हात फिरवला आणि आपणच लाजला.

रखमाजीच्या खोलीतून धूर येत होता. दीड वर्षांत पेटली नव्हती ती चूल पेटली होती. आत पाऊल टाकलं आणि धर्माजी तिथंच थांबला. जमिनीवर पाट मांडलेला होता. पाटापुढं केळीचं पान, शेजारी पाण्याचा तांब्या, गंधाची वाटी. दुसरं पान नव्हतं. त्या पंधरवड्यात अशी मांडणी त्यानं सहा वेळा बघितली होती, आता ओळखायला वेळ लागला नाही. पेढ्यांचा पुडा त्यानं पाठीमागं धरला.

"बस," रखमाजी म्हणाला. दीड वर्षांनी एकदाचा म्हणाला, तोही पाटाकडं बोट करून.

"कुनाचं हाय?" धर्माजीनं कोरड्या आवाजात विचारलं. "बापाचं का म्हातारीचं?"

"माजं."

धर्माजीची नजर पाटावरून म्हाताऱ्यावर गेली.

"माजंच," रखमाजी म्हणाला. "मी मेल्यावर घालनार कोन? ना लेक ना पुतन्या. वर्साच्या वर्सी ही आमावाशा येनार, गावातल्या समद्या मेलेल्यांस्नी खीर मिळनार, आन् मी तेवडा उपाशी. म्हनलं, हातपाय हायेत तवर आपलं आपनच उरकून घ्यावं."

"जित्या मानसाचं पित्तर घालत्यात व्हय कुटं?"

"घालत नसत्याल. मला कोन इचारायला बसलंय?"

परत जावं, असं धर्माजीच्या मनात आलं. प्रयागबाईंच्या घरी अजून पान पडलं नसेल, तिथं निदान वडे तरी होते. पण म्हाताऱ्याचे सुजलेले पाय दिसले, आणि चुलीशी पोळलेली दोन बोटं दिसली. तो मुकाट्यानं पाटावर बसला. रखमाजी तांब्या घेऊन त्याच्या पायांशी वाकू लागला, तसे त्यानं पाय ओढून घेतले. "असं नगा करू, बाबा. तुमी मोठं."

"आज तू मीच हायेस. माजं पाय मी धुतोय, त्येचं तुला काय?"

पाय धुतले, गंध लावलं. रखमाजीनं वाढायला घेतलं. नाचणीची भाकरी, जाड आणि एका बाजूनं करपलेली. डोंगरातला जाड तांबूस तांदूळ. काळ्या घेवड्याची आमटी, खुरासणीची, म्हणजे कारळ्याची, चटणी आणि गुळाची खीर, तळाला लागलेली. तळेघरच्या त्या गाठोड्यातून हे सगळं निघालं होतं. एक घास त्यानं कौलावर कावळ्याला ठेवला. गावातले कावळे त्या दिवशी खाऊन खाऊन फांदीवरून हलायला तयार नव्हते. बराच वेळ वाट बघून रखमाजी आत आला. "मी अजून हितंच दिसतोय म्हनून त्येला उमजंना झालं आसंल," तो म्हणाला, आणि धर्माजीपुढं बसून आग्रह करायला लागला. "घे. तुला नाचनी लई आवडायची. आयनं निखाऱ्यावर फुगवलेली भाकरी तू पळवायचास आन् मार खायचास. घे, चटनी घे."

बाजरीवर वाढलेल्या धर्माजीला नाचणी घशाखाली उतरेना. घास तोंडात फिरत राहिला. सहा मेलेले झाले, हा सातवा. आणि सातवा तर समोर बसून जिता बोलतोय. इतके दिवसांचा दाबून ठेवलेला राग वर आला आणि त्यानं हातातली भाकरी पानावर टाकली.

"दीड वरीस तुमच्या दारात येतोय, बाबा! एक दिसबी म्हनला न्हाईत, धर्मा, बस, घासभर खा. वाटलं, आज तरी मला बोलिवलं. लगीन असल्यावानी आंगुळ करून आलो. त्येबी मेलेला म्हनूनच बोलिवलं व्हय? समदं गाव मला मढ्याच्या जागी बसवतंय. मी हाय का न्हाई, त्ये कुनी बघतच न्हाई."

रखमाजीनं पानावरची भाकरी सरळ करून ठेवली. मग हळू म्हणाला, "कसं म्हननार, धर्मा? डबा तू आनायचास. त्यातली भाकरी तुमची, भाजी तुमची. तुज्याच हातातलं घिऊन तुलाच 'जेव' म्हनायचं व्हय? माज्या घरात माजं म्हनून वाढायजोगं काय व्हतं? पानी म्हनशील तर हंडाबी शेजारची पोरगी भरती. रोज तू उंबऱ्यात हुबा ऱ्हायाचास, आन् मला मान वर करून बघायची लाज वाटायची."

धर्माजीला हे कधी सुचलंच नव्हतं. धोंडा, धोंडा म्हणत तो दीड वर्षं ज्याच्या दारातून फणफणत निघायचा, तो माणूस आतल्या आत असा मरत होता.

"म्हनून तळेघरला गेलो," रखमाजी म्हणाला. "भावकीतल्या एकाकडं माज्या वाटनीचं दोन शेर भात आन् नाचनी कवापून मागायचं ऱ्हायलं व्हतं. म्हनलं, येकदा तरी आपल्या घरचं कुनाला तरी घालावं. आन् मी तुला पित्तराला ये म्हनलोच न्हाई. जेवायला ये म्हनलो. पित्तर माजं, जेवान तुजं. दोन्ही येका सैपाकात उरकत व्हतं, म्हनून उरकलं. लगेच पुन्यांदा चूल पेटवायची ताकद न्हाई ऱ्हायली मला."

धर्माजीनं पानावरची भाकरी उचलली. ती त्याला अजूनही आवडली नाही. पण त्यानं ती सगळी खाल्ली, आणि खीर दोनदा मागून घेतली. मग त्यानं उठून रखमाजीला आपल्या शेजारी बसवलं, केळीच्या पानाचा उरलेला तुकडा मांडला आणि त्याला वाढलं. म्हातारा आपल्या आवडीचं जेवण दात नसलेल्या तोंडानं घोळवत जेवला. पाठीमागं लपवलेला पुडाही सुटला.

हात धुतल्यावर रखमाजी भिंतीला टेकून बसला. "माजं तर झालं," तो म्हणाला. "तुजं कसं? तुजा पोरगा हाय. त्यो घालंल."

"घालंल बी, न्हाई बी. त्येच्या आईची नवमी ह्या वर्साला फोनवरच झाली."

"घातलं तरी त्येला ठावं हाय का, तुला काय आवडतं त्ये?"

"त्येच्या आईला ठावं व्हतं."

"मंग मला सांगून ठिव. जगलो वाचलो तर मी करीन. आन् पित्तरापत्तूर कशाला थांबायचं? आजून शेरभर भात हाय. काय आवडतं तुला?"

धर्माजी सांगायला गेला. झुंबरबाईला भोपळा चालत नाही, हनीफचाचांना तिखट लागतं, कोणत्या घरच्या मेलेल्या आज्याला कढी लागायची, हे सगळं त्याच्या जिभेवर आलं. आपलं काही येईना. लग्नानंतर गोजरबाई वाढायची आणि तो जेवायचा. कधी ती पानाकडं बघून आपणहून आणखी वाढायची, आणि ते नेमकं त्याला हवं असायचं. काय असायचं ते? कधी सांगायची वेळच आली नव्हती. ते तिलाच माहीत होतं, आणि ती ते घेऊन गेली होती.

"आठवत न्हाई, बाबा," तो म्हणाला, आणि त्यानं लग्नाकार्याची टोपी काढून डोळ्यांना लावली.

रखमाजीनं त्याची समजूत घातली नाही. सुजलेला पाय हातानं उचलून मांडीखाली घेतला आणि नीट सावरून बसला.

"आठव," तो म्हणाला. "सावकाश आठव. मी बसलोय."